क्लाउनफिशची अंडी फुटायला आलीत, पिल्लं जगवायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी आहे. त्यांनी यावेळी मडक्याच्या खापरावर अंडी घातलीत. आधी भडक केशरी होती, आता करडी पडलीत आणि भिंगातून बघितलं तर प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चक्क दिसतात! म्हणजे आज-उद्याचाच प्रश्न आहे.

नर तिथून हलत नाही. कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांवर सतत पाणी मारत राहतो, मेलेलं अंडं दिसलं की गट्टम करतो. मादी आकाराने मोठी, आणि काच पुसायला हात घातला की सरळ चावते. (ही गेली तर हाच नर पुढे मादी होणार, हे घरात कुणाला पटतच नाही.)

अंडी दिवे मालवल्यावर फुटतात. पिल्लं तिथेच राहिली तर फिल्टरमध्ये जाणार, नाहीतर बाकीच्यांच्या पोटात. म्हणून फुटायच्या संध्याकाळी खापरच वेगळ्या टाकीत हलवायचा विचार आहे. पण मग नराचं काम कोण करणार? एअरस्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) खापराच्या किती जवळ ठेवायचा, बुडबुडे जोरात की अगदी हळू?

दुसरं म्हणजे खाणं. आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) सुरुवातीला पिल्लांच्या तोंडात मावत नाही, त्याहून बारीक जिवंत रोटिफरच (पाण्यातले सूक्ष्म जीव) लागतात. पुण्यात कुणाकडे रोटिफरचं कल्चर (घरी वाढवलेला जिवंत साठा) आहे का? थोडं दिलंत तरी चालेल, बाटली घेऊन मीच येईन.