६३–३ वरून फ्लोरिडा स्टेटच्या २०२३ च्या हंगामाचा निवाडा करू नका

टॅलाहासीवासी

अटलांटाकर यांनी परवा लिहिले की, ३० डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बोलमध्ये (हंगामाअखेरच्या खास सामन्यात) जॉर्जिया विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने फ्लोरिडा स्टेटला ६३–३ असे हरवले, तेव्हाच फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफमधून, म्हणजे चार संघांच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या फेरीतून, वगळून अलाबामाला घेण्याचा निवड समितीचा निर्णय योग्य ठरला, त्यामुळे अन्यायाची भाषा आता बंद करावी. हे विधान मला सहन झाले नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

समितीने निर्णय ३ डिसेंबरला दिला. त्या दिवशी या संघाच्या नावावर तेरा सामने आणि तेरा विजय होते. त्यात ऑर्लँडोमध्ये एलएसयूवर (लुइझियाना स्टेट) ४५–२४, क्लेमसनच्या मैदानावर जादा वेळेत ३१–२४ आणि मुख्य क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय जायबंदी झाल्यानंतर गेन्सव्हिलमध्ये फ्लोरिडावर २४–१५ असे विजय होते. एसीसी या आमच्या कॉन्फरन्सच्या (संघगटाच्या) अंतिम सामन्यात तर दुसरा क्वार्टरबॅकही डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर होता आणि पहिल्या वर्षाच्या ब्रॉक ग्लेनला उतरवावे लागले. तरीही बचावफळीने लुइव्हिलला ६ गुणांवर रोखले आणि संघाने सामना १६–६ असा जिंकला. मोठ्या पाच कॉन्फरन्सांपैकी एकीचा अपराजित विजेता चार संघांच्या प्लेऑफबाहेर राहिला, असे त्यापूर्वी एकदाही झाले नव्हते. जे खेळाडू जिंकले त्यांना, पुढे हराल असे भाकीत करून बाहेर काढले गेले, आणि तुम्ही त्याला न्याय म्हणता.

अटलांटाकर

भाकीत करणे हे समितीचे नेमून दिलेले काम आहे. महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसेल आणि त्याचा पुढील सामन्यांवर परिणाम होणार असेल, तर ते विचारात घ्यावे, असे समितीच्या लेखी निकषांतच नमूद आहे. लुइव्हिलविरुद्ध ग्लेनने २१ पैकी ८ पास पूर्ण केले आणि त्यांतून अवघे ५५ यार्ड मिळाले. दुसरीकडे अलाबामाने त्याच दिवशी सलग २९ सामने जिंकलेल्या, पहिल्या क्रमांकाच्या जॉर्जियाला २७–२४ असे हरवले. मी स्वतः जॉर्जियाचा पाठीराखा आहे आणि तो पराभव मला अजून खुपतो. तरीही त्या दिवशीचा सरस संघ कोणता होता, हे मला नाकारता येत नाही.

टॅलाहासीवासी

हाच निकष २०१४ मध्ये ओहायो स्टेटला का आडवा आला नाही? त्यांचा तर तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक खेळत होता आणि तोच संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. अलाबामाच्या हंगामाकडेही तेवढ्याच कठोरपणे पाहा. टेक्ससने त्यांना त्यांच्याच मैदानावर ३४–२४ असे हरवले, पुढच्या आठवड्यात साउथ फ्लोरिडावर जेमतेम १७–३ असा विजय मिळाला, आणि ऑबर्नविरुद्ध शेवटच्या मिनिटाला चौथ्या डाउनवर (म्हणजे शेवटच्या प्रयत्नात) ३१ यार्ड हवे असताना टचडाउन मिळाला म्हणून ते वाचले.

बर्मिंगहॅमकर

ओहायो स्टेटच्या त्या मुलाने विस्कॉन्सिनला ५९–० असे हरवून दाखवले होते. ५९ आणि १६ या आकड्यांतला फरक आपल्याला दिसत नाही काय? आमच्या अलाबामाने रोझ बोलमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, मिशिगनला जादा वेळेपर्यंत नेले आणि २७–२० अशी हार पत्करली, म्हणजे ती जागा आमची होती. मला खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. ज्यांना आपण विजेते आहोत असे वाटत होते, त्यांनी ऑरेंज बोलमध्ये उतरून ते सिद्ध करायचे होते. फ्लोरिडा स्टेटचे कीऑन कोलमन, जॅरेड व्हर्स, ट्रे बेन्सन खेळलेच नाहीत, आणि शिष्यवृत्तीवरचे दोन डझनांहून अधिक खेळाडू त्या दिवशी संघात नव्हते. विद्यापीठाने शिक्षण द्यावे, जेवण द्यावे, नाव द्यावे, आणि मुलांनी रुसून बसावे, ही कृतघ्नता आहे.

शार्लटची_आई

बर्मिंगहॅमकर काका, कृतघ्नता हा शब्द आपण मागे घ्यावा. माझा मुलगा हायस्कूलच्या संघात होता. निकालाने काहीही फरक पडणार नव्हता अशा एका सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया आम्ही केली, रात्री त्याच्या उशाशी मी बसले, आणि ज्यांनी ‘संघासाठी उतर’ म्हणून त्याला गळ घातली होती, त्यांपैकी कोणीही पुढच्या वर्षी फोन केला नाही. नोत्र दामच्या जेलन स्मिथचे उदाहरण आपल्याला माहीत असेलच. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या पाचांत निवडला जाईल असे ज्याच्याविषयी बोलले जात होते, त्याचा गुडघा १ जानेवारी २०१६ च्या फिएस्टा बोलमध्ये गेला आणि तो दुसऱ्या फेरीपर्यंत घसरला. त्याच वर्षाअखेर मॅकॅफ्री आणि फोरनेट या खेळाडूंनी आपापल्या बोलमधून माघार घेतली, ती काही हौसेने घेतली नव्हती.

बर्मिंगहॅमकर

ताई, आपल्या मुलाचे वाईट वाटते. परंतु माझा भाचा त्याच जोखमीने चार वर्षे लहान कॉलेजात खेळला आणि शेवटचा सामना त्याने मोडलेल्या बोटाने खेळला. सगळेच हिशेब करू लागले, तर संघ उरणार कुठे?

शार्लटची_आई

हिशेब सर्वांत आधी प्रशिक्षक करतात. ब्रायन केली यांनी २०२१ मध्ये नोत्र दाम सोडून एलएसयू गाठले, तेव्हा नोत्र दामची प्लेऑफची संधी संपलेलीदेखील नव्हती. त्यांच्या बाबतीत तुम्ही ‘व्यवसाय’ म्हणता आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांच्या बाबतीत ‘निष्ठा’ आठवते. जॉर्डन ट्रॅव्हिस तर शेवटपर्यंत निष्ठेने खेळला. त्या पायाने पुन्हा साथ दिली नाही, आणि एनएफएलमध्ये एकही सामना न खेळता एप्रिल २०२५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. आता मला सांगा, व्हर्सने ऑरेंज बोलमध्ये उतरायला हवे होते का? त्याच्या पुढे पहिल्या फेरीतली एकोणिसावी निवड होती.

बर्मिंगहॅमकर

प्रशिक्षकांविषयीचे आपले म्हणणे मला खोडता येत नाही. ‘कृतघ्नता’ हा शब्द मागे घेतो. त्या मुलांनी खेळायला हवे होते हे मत मात्र सोडत नाही.

टॅलाहासीवासी

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जे खेळाडू नव्हते असे बर्मिंगहॅमकर स्वतःच सांगतात, त्यांच्याशिवाय उतरलेल्या संघाचा ६३–३ हा निकाल तेरा सामने जिंकणाऱ्या संघाविरुद्ध पुरावा कसा ठरतो? जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनीदेखील त्याच रात्री हे असे चालणे बरे नाही, यात सुधारणा व्हायला हवी, असे स्पष्ट सांगितले. शिवाय अलाबामाचा रोझ बोल हाही नंतरचाच सामना आहे. ३ डिसेंबरला समितीसमोर जे होते, तेवढ्यावर बोला.

अटलांटाकर

ठीक आहे. ६३–३ चा दाखला मी यापुढे देणार नाही. तो माझ्या बाजूचा सर्वांत दुबळा मुद्दा होता हे मान्य करतो. पण १६–६ मी सोडणार नाही. तो सामना संपूर्ण पाहिला आहे, आणि त्या आक्रमणाने मिशिगनच्या बचावासमोर किती गुण केले असते, याचे उत्तर आपण दिलेले नाही.

टॅलाहासीवासी

ते उत्तर मैदानावर मिळायला हवे होते, बैठकीच्या खोलीत नव्हे. मिशिगनकडून आम्ही हरलोही असतो, कदाचित मोठ्या फरकाने. पण तेरा सामने जिंकणाऱ्यांना तो पराभव स्वतः खेळून पत्करण्याचा हक्क होता, आणि एक सामना हरलेल्या अलाबामाचे चौथे स्थान मी कधीही मान्य करणार नाही.