छातीत दडपतं, टीएमटी अर्धवट झाली, आता सीटी अँजिओ की थॅलियम?

दांडियाबाजारकर: नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतोय. वय ६४, शुगर १२ वर्षांपासून, बीपीची गोळी चालू. सहा महिने झाले, कमाटीबागेत अर्धी फेरी झाली की छातीत दडपल्यासारखं होतं, बाकावर दोन मिनिटं टेकली की जातं. ईसीजी, इको नॉर्मल. टीएमटीला, म्हणजे पट्ट्यावर चालायच्या टेस्टला, गुडघ्यामुळे चार मिनिटांतच उतरली, त्यामुळे रिपोर्टमधून काही कळेना. आता एक डॉक्टर म्हणतात सीटी अँजिओ, दुसरे म्हणतात थॅलियम, आणि मामा म्हणतो सरळ आत तार घालून करतात ती अँजिओग्राफीच करून टाका. आई रात्री उठून विचारते, "बायपास तर नाही ना रे?" कुणी यातून गेलंय का?

रावपुरा_सीटी: मी सीटीवर टेक्निशियन आहे, ९ वर्षं झाली. दोन्ही टेस्ट वेगळं काहीतरी सांगतात, हे आधी धरा. सीटीत हृदयाची नळी दिसते, चरबी कुठे साठलीय, किती अरुंद झालीय ते, आणि थॅलियममध्ये जोर पडल्यावर हृदयाच्या स्नायूला रक्त पुरतंय का ते. आधी कधी ब्लॉकेज निघालेलं नाही अशा पेशंटला सीटी चांगली, नळ्या स्वच्छ निघाल्या तर मोठी काळजी मिटते. पण ठोके ६० च्या आसपास लागतात, म्हणून आधी ठोके कमी करायला मेटोप्रोलॉल देतात, मग नळ्या रुंदावायला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन, आणि श्वास काही सेकंद रोखायचा, आमच्याकडे आज्यांकडून आधी दोनतीनदा सराव करून घेतो. शुगर आहे तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आधी बघाच, नळ्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात तो डाय किडनीतून जातो. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर तेही सांगा. नळ्यांत कॅल्शियम खूप असलं तर मात्र चित्रात चमकतं आणि अडथळा आहे त्यापेक्षा मोठा वाटतो.

मांजलपूरची_लेक: बाबांना बारीक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) आहे, सीटीत त्याच्या आतलं नीट दिसत नाही म्हणून त्यांना थॅलियम सांगितली. चालायचं नव्हतं, इंजेक्शन देऊन करतात, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्नच नाही. पण आदल्या दिवसापासून चहा कॉफी बंद हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही, बाबांनी पहाटे पाचला घोटभर चहा घेतला आणि तिथे पोचल्यावर टेस्ट पुढे ढकलली, उपाशीपोटी परत आलो, अजून राग आहे. दमा असेल तर तेही आधी सांगा, ते इंजेक्शन चालत नाही.

डॉ_इंदूरहून: मामांना सांगा, सरळ अँजिओग्राफीची घाई नको. २०२० च्या इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासात ५ हजारांवर पेशंट होते, त्रास स्थिर असलेले, आणि सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत, छातीचा त्रास मात्र ज्यांना वारंवार होत होता त्यांचा कमी झाला. पण मुख्य डाव्या नळीत मोठा अडथळा असलेले त्यात नव्हते, म्हणून तेवढं सीटीत बघून घेणं मला पटतं. स्कॉटलंडच्या स्कॉट-हार्ट अभ्यासातही सीटी केलेल्यांत पाच वर्षांत अटॅक आणि हृदयरोगाने मृत्यू मिळून २.३ टक्के, न केलेल्यांत ३.९, कारण चरबी दिसली म्हणून जास्त जणांना स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), ॲस्पिरिन सुरू झाली. तुमच्या आईंचं क्रिएटिनिन ठीक असेल तर मी सीटीच म्हणेन. नळी मधल्यामध्ये अरुंद निघाली तर मग थॅलियम किंवा स्ट्रेस इको, म्हणजे हृदयावर जोर देऊन केलेली इको. आणि बसल्या जागी दुखलं, घाम फुटला किंवा टेकल्यावरही थांबलं नाही, तर टेस्टचा विचार सोडा आणि लगेच १०८.

दांडियाबाजारकर: खूप आभार सगळ्यांचे. उद्या सकाळी क्रिएटिनिनला रक्त देतोय, मेटफॉर्मिन चालूच आहे ते लिहून घेतलं. १०८ आईच्या फोनमध्ये सेव्ह केला, आणि आत्ता ती दिवाणावर बसून श्वास रोखायचा सराव करतेय, मी मोजतोय.