पुढच्या साथीत कोकणातले तुरुंग आधीच मोकळे करावेत का?

भाट्ये_खाडी (रत्नागिरी)

२०२० मध्ये कोविडच्या साथीत कैद्यांना सोडलं तेव्हा सगळीकडे एकच सूर होता, 'गुन्हेगारांचे लाड'. आजही तोच ऐकू येतो. मला तो मान्य नाही. साथ आली की तुरुंगातली गर्दी कमी करणं हा आरोग्याचा उपाय आहे, आणि तो तुरुंगाबाहेरच्या माणसांसाठीही तितकाच आहे.

मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता ८०४. साथ आली तेव्हा आत अडीच हजारांवर माणसं होती. मे २०२० मध्ये तिथे ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले, पुढे कैद्यांचाच आकडा दीडशेवर गेला. त्या २६ जणांना घरं होती, म्हातारे आईवडील होते. शिपाई ड्युटी संपली की घरी जातो, वाटेत भाजी घेतो. आपल्याकडचं रत्नागिरीचं विशेष कारागृह भर शहरात आहे. अलिबागचं जिल्हा कारागृह तर हिराकोट किल्ल्यात आहे. आतल्या रोगाला भिंत लागत नाही.

सुप्रीम कोर्टाने २३ मार्च २०२० लाच स्वतःहून दखल घेऊन कोणाला सोडता येईल ते ठरवायला राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितलं होतं. आपल्या राज्याच्या समितीने त्याच आठवड्यात काम सुरू केलं, पण निम्मे कैदी सोडायचा निर्णय आला ११ मेला, आर्थर रोडमध्ये साथ पसरल्यावर. मधला दीड महिना मला बोचतो. देशातल्या दर चार कैद्यांत तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे गुन्हा अजून शाबित झालेला नाही. प्रत्येक जिल्ह्यात न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते. 'साथ आली तर आधी कोणाला सोडायचं' ही यादी तिने आत्ताच करून ठेवावी, असं निवेदन विधी सेवा प्राधिकरणाला द्यायचा विचार आहे.

मृणाल_गुहागर

माझा विरोध आहे. २०२० ला मोजपट्टी काय होती? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे. आता त्यात काय काय बसतं ते बघा. तेव्हाचं कलम ४९८अ, म्हणजे बायकोचा छळ, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कलम ३५४, विनयभंग, पाच वर्षांपर्यंत. दोन्ही 'सात वर्षांखाली'. म्हणजे नवरा सुटून आला त्याच घरात, आणि टाळेबंदी असल्यामुळे तिला माहेरी जायलाही एसटी नाही. तक्रार करायला बाहेर पडली तर नाक्यावर पास विचारणार. कायद्याच्या वहीत हा किरकोळ गुन्हा असेल, पण मार तिने खाल्लेला असतो. तुमच्या यादीत कैद्याचं वय येईल, आजार येईल, तुरुंगातली वागणूक येईल. फिर्यादी बाई कुठे आहे त्यात?

भाट्ये_खाडी

मृणालताई, अशी प्रकरणं यादीतून वगळावीत, याला माझी हरकत नाही. पण दारूच्या, मारामारीच्या, चोरीच्या केसमध्ये जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेल्यांना त्या छळणाऱ्यांच्या पापाची शिक्षा का?

पेंडूरचो_बाबल्या

सोडा म्हणणा सोपा असा. गावात चाकरमान्यांकच घेयत नाय होते, थंय जेलातसून सुटान इल्ल्याक कोण दारात उभो करतलो? तेव्हा मे महिन्यात जिल्ह्याच्या हद्दीवर, खारेपाटणच्या नाक्यावर लोक उन्हात तासन्‌तास उभे होते. सख्ख्या भावाला शाळेत चौदा दिवस ठेवलं, जेवणाचा डबा फाटकाबाहेरून दिला. हे सगळं मी पाहिलंय, म्हणून विचारतो: सुटलेला माणूस रात्री बसस्टँडवर उतरला, त्याला गाव नाही आणि घर नाही, तर तो कुठे जाणार? कागदावर सुटका आणि प्रत्यक्षात रस्ता. त्यापेक्षा आत राहिला तर जेवण तरी मिळतं.

वकीलसाहेब_सावंतवाडी

खरी गोची बाबल्याभाऊंच्या मुद्द्याच्या शेजारीच आहे. समितीने विशेष कायद्यांखालचे (मकोका, यूएपीए असे) आरोपी वगळले, ते एक वेळ समजू शकतो. पण परदेशी नागरिक आणि राज्याबाहेर घर असलेले कैदीही वगळले. आता आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरवर खलाशी कोण? आंब्याच्या बागा राखायला कोण? मोठ्या संख्येने नेपाळी आणि परप्रांतीय. एखाद्या भांडणात आत गेला की सातबारा घेऊन जामीनदार म्हणून कोण उभा राहणार? नाखवा दुसरा खलाशी बघतो. साध्या केसमधला हा माणूस बराकीत अडकून पडतो, आणि ज्याच्यामागे घरदार-वकील आहे तो बाहेर. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडायची तरतूद आहे, ती वापरायचं धाडस खालच्या कोर्टात कमी दिसतं. यादी करायचीच तर यांच्यापासून करा.

निवृत्त_हवालदार

तुरुंगाच्या फाटकावर नोकरी केली आहे, त्यावरून लिहितो. रोग आत येतो तो नव्या अटकेतून आणि आमच्यासारख्या कर्मचाऱ्यांमधून. म्हणून २०२० मध्ये शाळा-वसतिगृहांत तात्पुरती कारागृहं काढली, नवा बंदी आधी तिथे ठेवला. अलिबागलाही शाळेतच सोय होती. तो उपाय बरोबर होता, तोच वाढवा. सोडण्याचं काय झालं? जन्मठेपवाल्यांना आकस्मिक पॅरोल, म्हणजे साथीपुरती रजा, दिला तेव्हा अट होती, आधीच्या दोन्ही रजांवरून वेळेत परतलेला हवा, दर तीस दिवसांनी पोलीस ठाण्यात हजेरी हवी. तरीही काही जण परतले नाहीत. त्यांना शोधत फिरायचं काम पुन्हा पोलिसांचं, आणि ज्या घरातला माणूस मारला गेला त्या घराने गुन्हेगाराला बाजारात बघायचं. गर्दी हा प्रश्न खरा आहे. त्यावर नवीन बराकी बांधा, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा.

क्षयरोग_ताई

हवालदारकाका, बराक बांधायला वर्षं लागतात, विषाणू तेवढा थांबत नाही. मी थुंकी तपासणीच्या शिबिरांना कारागृहात जाते. दारात उभं राहून 'खोकला कोणाला आहे?' असं विचारलं तर एकही हात वर होत नाही. बाजूला काढतील, झोपायची जागा जाईल, मुलाकात बंद होईल, ही भीती. म्हणून डबी एकेकाच्या हातात द्यावी लागते. मग शेजारी झोपणारा हळूच सांगतो, 'हा रात्रभर खोकतो.' त्याची गादी याच्या गादीला चिकटलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने तुरुंगात क्षयाचं प्रमाण बाहेरच्यापेक्षा साधारण दहापट आहे. कोविड आला आणि ओसरला, क्षय तिथेच आहे.

पण नुसतं सोडण्याच्याही मी विरोधात आहे. क्षयाचा कोर्स किमान सहा महिन्यांचा. अचानक जामीन झाला की माणूस संध्याकाळी बाहेर, औषध आत, आणि निक्षयवर, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, पत्ता कारागृहाचाच. त्याच्या गावच्या आरोग्य केंद्राला कळतच नाही. औषध तुटलं की पुढचा क्षय साध्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि तो घरातल्या पोरांना होतो. साथीत हजारो माणसं घाईने सोडताना हे दसपट होईल.

आणखी एक. १८९७ मध्ये हाफकिन यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, त्यानंतर ती पारखली भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर. त्या लसीचा फायदा पुढे सगळ्या मुलखाला झाला. त्यामुळे 'त्यांच्यावर कशाला खर्च' असं कोणी म्हणालं की मला फार लागतं.

निवृत्त_हवालदार

ताई, औषधाचं पटलं. सुटकेच्या कागदासोबत औषधाची पिशवी आणि गावच्या केंद्राला फोन, एवढं फाटकावर सहज होऊ शकतं. खुनाच्या केसमधल्यांना सोडण्याला मात्र माझी ना आहे आणि राहील.

भाट्ये_खाडी

निवेदनात मग तीन गोष्टी घालतो: खलाशी-मजुरांना जातमुचलका, सुटण्याआधी तपासणी आणि औषध, आणि घर नसलेल्यासाठी तालुक्याला तात्पुरता निवारा.

मृणाल_गुहागर

चौथी घाला. ज्या केसमध्ये फिर्यादी त्याच घरात किंवा वाडीत राहते, तिथे सुटकेआधी पोलिसांनी तिला कळवायचं आणि तिचं म्हणणं लेखी घ्यायचं. ती नको म्हणाली तर त्याने दुसरीकडे राहायचं, तिने नव्हे. हे नसेल तर मी सही करणार नाही, आणि आमच्या बचत गटातल्या बायकांनाही करू नका म्हणून सांगेन.