गगनबावडा भाग, उताराचं रान. कोणता मिनी ट्रॅक्टर घ्यावा? लवकर सांगा

कुंभीकाठ
नमस्कार मंडळी. आमचं रान गगनबावडा रोडला, साळवणच्या वरच्या अंगाला आहे. मिनी ट्रॅक्टर घ्यायचाय. १८ एचपी, २४ एचपी की सरळ २८? तीन शोरूमला जाऊन आलो, तिघांनी तीन आकडे सांगितले. रोहिणीच्या आत रानात आला पाहिजे, धूळवाफ (पावसाआधी कोरड्या मातीतली भातपेरणी) करायची आहे. ज्यांनी वापरलाय त्यांनी फक्त एचपी सांगा, बाकी चर्चा नको.

टिलरवाला_भोगावती
ट्रॅक्टर घेऊच नका. १३ एचपीचा पावर टिलर घ्या. आमच्याकडं नऊ वर्षं आहे. चिखलणी, उसाची भरणी, बारकी ट्रॉली, सगळं त्याच्यावर. बांधावरून पलीकडच्या खाचरात नेता येतो. डोंगरात टिलरला पर्याय नाही.

गॅरेज_उत्तूर
नुसता एचपी विचारून काय कळणार, दादा? रान किती? सलग का तुकडे? उतार किती? पीक काय? ट्रॉली ओढायची का? रस्ता कसला? एवढं तरी लिहा.

शिरोळचा_मळा
माझं ऐका, ४५ एचपीच्या खाली बघू नका. मिनी घेतलेले दोन वर्षांत विकायला काढतात. पल्टी नांगर ओढत नाही, भरलेला ट्रेलर ओढत नाही. आमच्यात १५ एकराला ५० एचपी आहे आणि वर्षभर भाड्यानं पण फिरतो.

काजू_आजरा
शिरोळकर, तुमचं रान पाटासारखं सपाट. गगनबावड्याच्या खाचरात ४५ चा ट्रॅक्टर वळवायला गेला तर निम्मं रान वळणातच जाईल, आणि ताल (बांधाची दगडी भिंत) ढासळेल ती वेगळीच.
माझा अनुभव सांगतो. काजूची बाग साडेतीन एकर आणि खाली दीड एकर भात, घनसाळ करतो. २४ एचपी फोर व्हील ड्राइव्ह चार वर्षं वापरतोय. कुबोटाचा बी२४४१ पण बघितला होता, महिंद्राचा जिवो २४५ पण. दोन्ही २४ चे, दोन्हींची लिफ्ट (मागं अवजार उचलायची ताकद) ७५० किलोची. फरक वजनात आहे. कुबोटा साडेसहाशे किलोच्या आसपास, हलका, काजूच्या फांद्यांखालून जातो. पण हलका म्हणजे ट्रॉलीला कमी, हेही ध्यानात ठेवा. कुठलाही घ्या, फोर व्हील सोडून घेऊ नका.

कुंभीकाठ
बरं, सांगतो. रान चार एकर. उतार आपल्या भागात असतो तसाच. खाली भात आणि थोडा ऊस, मधे नाचणी-भुईमूग, वर वरकस (उताराची हलकी जमीन) आहे तिथं काजू लावायचाय. ट्रॉली लागणार, शेणखत वर न्यायचं असतंय. आता सांगा १८ का २४.

कृषी_पदवीधर
'आपल्या भागात असतो तसा' हे माप नाही. दहा फुटी सरळ बांबू घ्या. एक टोक जमिनीला टेकवा, दुसरं उताराच्या बाजूला धरा. गवंड्याची पाण्याची नळी लावून बांबू समपातळीत आणा आणि उताराकडच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. एक फूट आलं तर १० टक्के उतार, साधारण ६ अंश. दोन फूट म्हणजे ११ अंश. तीन फूट आलं तर १७ अंश, तिथं मी स्वतः ट्रॅक्टर घालणार नाही. प्रत्येक तुकड्याचं आणि रस्त्याचं वेगळं माप घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

योजना_माहिती
महाडीबीटीवर (राज्य सरकारचं योजनांचं पोर्टल) कृषी यांत्रिकीकरणाचा अर्ज करा. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरला किमतीच्या ५० टक्के, जास्तीत जास्त सव्वा लाख. बाकीच्यांना ४० टक्के, जास्तीत जास्त एक लाख. शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेवा. आणि पूर्वसंमती मिळायच्या आत बिल केलं तर अनुदान गेलं म्हणून समजा. जीएसटी पण सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये जुना लावलेला नाही ना ते बघा.

कुंभीकाठ
अनुदानाचं मी विचारलं नव्हतं, पण बरं झालं सांगितलंत. एका ठिकाणी ११ हजार भरून बुकिंग करून आलोय. पावती आहे, बिल झालेलं नाही.

योजना_माहिती
मग आजच फोन करून बिल थांबवायला सांगा. पावतीवर पैसे परत मिळतील असं लिहिलंय का तेही वाचा.

चंदगडची_माहेरवाशीण
दादा, एक विचारू? चालवणार कोण?
माझ्या माहेरी दिरांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा सगळ्यांनी एचपी बघितला, लिफ्ट बघितली, रंगसुद्धा बघितला. दीर नोकरीला बेळगावला. चालवायची वेळ आली सासऱ्यांवर. शेणखताची ट्रॉली वरून खाली आणताना वळणावर ट्रॉलीनं मागून रेटलं आणि ट्रॅक्टर कातरीसारखा दुमडून तालीखाली गेला. सासऱ्यांनी आधीच उडी टाकली म्हणून वाचले, मांडीचं हाड मोडलं. अजून उकिडवं बसता येत नाही त्यांना. म्हणून विचारते.

काजू_आजरा
माहेरी दीर कसे काय, ताई?

चंदगडची_माहेरवाशीण
चुकलं लिहिताना. सासरची गोष्ट, सासर आजऱ्याकडं. लिहिताना हात कापत होता.

कुंभीकाठ
ताई, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी पुण्यात असतो, शनिवार-रविवार गावाला येतो. चालवणार आबाच. वय ६३. बैलजोडी होती, त्यातला एक श्रावणात गेला, दुसरा एकटा आबांना बघवेना म्हणून पाहुण्यांकडं दिला. यंदा भाड्याचा टिलर लावला तर वळवताना दांड्याचा हिसका बसून आबांचा खांदा सुजला. अजून सदरा घालताना डावा हात आधी घालावा लागतो. म्हणून टिलर नको आणि म्हणून घाई.

मापं घेतली. आबांनी बांबू धरला, मी टेप. खालची खाचरं सपाटच. मधलं रान दहा फुटाला सव्वा फूट. वरचं वरकस दहाला तीन फूट, एका जागी त्याहून जास्त. घरापासून मधल्या रानाकडं जाणारी वाट दहाला दोन फूट, तिच्यात एक आडवं वळण, आणि वळणाला दगडी तालीत मोकळी रुंदी ५ फूट २ इंच.

टिलरवाला_भोगावती
खांद्याचं माहीत नव्हतं, वाईट वाटलं. टिलरचा हट्ट मागं घेतो. पण चिखलणीला पोरगा गावाला असेल तेव्हा भाड्यानं टिलर आणा, कोपऱ्यात ट्रॅक्टर पोचत नाही.

गॅरेज_उत्तूर
आता बोलता येतं. घराकडची वाट दहाला दोन. म्हणजे पाचाला एक. त्या उतारावर एक टन ओझं तुम्हाला मागून जवळजवळ २०० किलोनं ढकलतं. ट्रॉली आणि माल मिळून दीड टन धरा, ३०० किलो. पुढं साडेसहाशे किलोचा ट्रॅक्टर. वळणावर काय होणार ते ताईंनी लिहिलंच आहे.

आबांना चार गोष्टी शिकवा, मॉडेल कुठलंही असू दे. उतरायच्या आधी, वर सपाटीवरच, लो गिअर टाकायचा. ज्या गिअरनं चढला त्याच गिअरनं उतरायचं. उतारावर क्लच दाबायचा नाही, दाबला की इंजिनाचा रेटा सुटतो आणि गाडी धावते. दोन्ही ब्रेकचे पायडल जोडायची कडी रस्त्यावर कायम लावलेली पाहिजे. एकाच चाकाला ब्रेक लागला तर उतारावर गाडी फिरते. आणि फोर व्हील चढताना लावतात तशी उतरताना पण लावायची. टू व्हीलला इंजिनाचा दाब फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो, फोर व्हीलला चारी चाकं धरतात. हे शोरूमवाले सांगत नाहीत, त्यांना चढण दाखवायची असती.
डोक्यामागं लोखंडी कमान असलेलाच घ्या. कमान आहे तर पट्टा लावायचाच. कमान नसलेल्या ट्रॅक्टरला पट्टा लावायचा नाही.

शिरोळचा_मळा
एवढं सगळं सांभाळण्यापेक्षा जड ट्रॅक्टर घेतला तर ट्रॉली ढकलणारच नाही. मी म्हणतोय त्यात तथ्य आहे.

गॅरेज_उत्तूर
तथ्य आहे, पण वळणाला ५ फूट २ इंच आहे. तुमचा ५० चा तिथनं कसा काढताय सांगा.

शिरोळचा_मळा
वाट रुंद करायची. जेसीबी दोन तासाचं काम.

कुंभीकाठ
ताल चुलत्यांची आहे. त्या वाटेवर बोलायला गेलो तर ट्रॅक्टर राहील बाजूला.

राधानगरी_रान
तुमच्याकडं गव्यांचं काय? आमच्यात यंदा उसात कळप घुसला, एका रात्रीत दहा गुंठे आडवा. मिनी ट्रॅक्टरच्या आवाजानं गवा बुजतो का हे कुणी सांगेल का?

काजू_आजरा
बुजत नाहीत, सवय होती त्यांना. आमच्याकडं रात्री डबे वाजवून माणसं थकली. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ सालापासनं आहे, गवे त्याच्या आधीपासनं. भरपाईचा अर्ज वन विभागाकडं लगेच करा, पंचनामा झाल्याशिवाय ऊस उचलू नका. वेगळा धागा काढा, मी लिहितो.

कृषी_पदवीधर
मूळ विषयावर येतो. मधल्या रानात दहाला सव्वा फूट, म्हणजे ७ अंश. तिथं मशागत उताराला आडवीच करा. वरखाली फण मारला तर तुमच्याकडच्या पावसात एका मोसमात वरची माती खाचरात येईल. जांभ्यावर मातीचा थर आधीच वीतभर.

गॅरेज_उत्तूर
पुस्तकात बरोबर आहे. पण आडवा चालवताना अरुंद ट्रॅक्टर कलंडतो. उतारावर ट्रॅक्टर सरळ वर आणि सरळ खाली, हाच नियम.

कृषी_पदवीधर
कलंडतो तो १५-१७ अंशावर, किंवा वरचं चाक दगडावर आणि खालचं खड्ड्यात गेलं तर. ७ अंशावर चाकांची रुंदी वाढवून हळू चालवला तर आडवं जाता येतं. मागची चाकं उलटून बसवली की बऱ्याच मॉडेलला रुंदी वाढते.

गॅरेज_उत्तूर
रुंदी वाढवली तर वळणातनं जाणार का, आणि उसाच्या सरीत बसणार का? रोज चाकं उलटणार आहेत का आबा?

चंदगडची_माहेरवाशीण
दोघांचं बरोबर असेल. पण ६३ वर्षांच्या माणसानं दगड-खड्डे बघत आडवं चालवायचं, हे मला पटत नाही. मधल्या रानात दर पाच-सहा वाफ्यांवर गवताचा बांध घाला, नाचणी रोपं लावून करा. फण मारायची वेळच कमी येईल.

काजू_आजरा
आणि वरकसात ट्रॅक्टर नकोच. तिथं काजूला खड्डे माणसांनीच काढायचे, दोन फूट लांब-रुंद-खोल. मधलं गवत ब्रश कटरनं मारायचं आणि झाडाच्या बुडाशी घालायचं. माझ्या वरच्या बागेत चार वर्षांत ट्रॅक्टरचं चाक लागलेलं नाही, काजू चांगला आहे. चार एकरांतलं एकर-सव्वा एकर त्यातनं वगळा. उरलेल्या पावणेतीन एकराला २४ भरपूर होतो. १८ ला चिखलणी जड जाईल, २८ ला वजन आणि रुंदी वाढेल. सालातनं एकदा खोल नांगरट लागली तर खालच्या रानात भाड्याचा मोठा आणायचा.

कुंभीकाठ
अपडेट देतो. शोरूमला म्हटलं, डेमो माझ्या रानात द्या, नाहीतर राहू दे. परवा घेऊन आले. २४ चा, फोर व्हील, कमान असलेला. वळणातनं निघाला, दोन्हीकडं हात जाईल एवढी जागा उरली. शोरूमचा पोरगा चालवत होता. रिकामी ट्रॉली जोडून खाली येताना वळणाच्या आधी त्यानं गिअर बदलायला क्लच दाबला आणि गाडी एकदम सुटली. चार-पाच हातच गेली असेल, ब्रेकवर थांबली. आबा तालीवर उभे होते. काही बोलले नाहीत.

मग आबा बसले. चप्पल काढून खाली ठेवली, अनवाणी पायानं ब्रेक, क्लच दोन्ही चाचपून बघितलं. बसल्या जागी कडी लावली. वरच लो टाकला, आणि दोन्ही पाय पायडलवरनं काढून मांडीजवळ घेतले. सबंध वाट तसेच उतरले. खाली येऊन म्हणाले, बैलाला पण उताराला ओढायचं नसतं, त्याच्या चालीनं येऊ द्यायचं.

२४ च ठरलाय. बुकिंगचे पैसे त्याच ठिकाणी वळते करून घेतले. आबांच्या नावानं अर्ज भरलाय, अल्पभूधारकात बसतात. पूर्वसंमती येईपर्यंत बिल नाही, त्यामुळं यंदाची धूळवाफ शेजाऱ्याच्या औतानं. ट्रॉली एक टनाची आणि तिला स्वतःचा ब्रेक बसवून घेणार. उतरताना निम्मीच भरायची, हे आबांकडून कबूल करून घेतलंय. सगळ्यांचे आभार, पहिल्या दिवशी चर्चा नको म्हटलो त्याबद्दल माफी. शेवटचा प्रश्न, रोटर (माती भुसभुशीत करायचं रोटाव्हेटर) तीन फुटी घ्यावा का चार?

शिरोळचा_मळा
चार. कमी फेऱ्यात काम होतं.

गॅरेज_उत्तूर
मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा मोजा. रोटर त्याहून दोन-चार बोटं रुंद पाहिजे, नाहीतर चाकाचा माग तसाच राहतो. चार फुटी २४ ला ओढेल, पण ओल्या जांभ्याच्या रानात दम लागेल. आणि वळणाला ५ फूट २ इंच आहे, रोटर अंगावर घेऊनच जायचंय हे विसरू नका. माप टाका इथं, सांगतो.