पूर्वग्रह की पूर्वाग्रह?

ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. परवा सोसायटीच्या सभेत 'बॅचलर भाडेकरू नकोत' या ठरावावरून खडाजंगी झाली. एक तरुण सभासद म्हणाला, "हा तुमचा पूर्वाग्रह आहे." मागून एक काका गरजले, "आधी शब्द नीट बोल. पूर्वग्रह!" मुद्दा राहिला बाजूला. बरोबर कोणता? आणि पूर्वग्रह, गैरसमज, भेदभाव हे एकाच माळेचे मणी का?

प्रतिसाद

शब्दापुरते काका बरोबर. मराठीत पूर्वग्रह, पूर्वाग्रह हा हिंदीतला. आपला ग्रह म्हणजे समजूत, 'माझ्याबद्दल तुझा भलताच ग्रह झालाय' मधला. (पत्रिकेतल्या ग्रहाचं मूळही तेच, संस्कृत ग्रह्, म्हणजे धरणे. शनी माणसाला धरतो, समजूत मनाला.)

हिंदी शब्दात मात्र आग्रह आहे, आणि खरं सांगायचं तर मानसशास्त्राला हवा तो अर्थ त्यात जास्त उठून दिसतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली भेद केला तो असा: आधी बांधलेलं मत नवी माहिती मिळाल्यावर सुधारत असेल, तर तो पूर्वग्रह नव्हे. माहिती समोर येऊनही हटत नाही, तो पूर्वग्रह. गैरसमज दूर करता येतो, हा हट्टाला पेटतो. तरी मी पूर्वग्रहच लिहीन. 'पूर्वाग्रहदूषित' कानाला सोसत नाही.

भेदभाव वेगळा. पूर्वग्रह मनात, भेदभाव वागण्यात, आणि दोन्ही बरोबर येतीलच असं नाही. रिचर्ड लापिएर हा समाजशास्त्रज्ञ १९३० पासून दोनेक वर्षं एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत फिरला. २५१ हॉटेलं-खानावळींपैकी नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. नंतर त्याच ठिकाणांना पत्रं धाडून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नाही म्हटलं. तुमच्या सभेत उलटं झालेलं दिसतंय: तोंडाने 'आमचा कुणावर राग नाही' आणि ठराव नकाराचा.

प्रतिसाद

एक शब्द राहिला. 'बॅचलर म्हणजे रात्रभर धिंगाणा' ही जी कल्पना, तिला पुस्तकी मराठीत साचेबद्ध प्रतिमा म्हणतात. मला ठोकळेबाज जास्त आवडतो. इंग्रजीतला स्टिरिओटाइप मुळात छापखान्यातला: अख्खं पान धातूत ओतून केलेली पट्टी, कितीही प्रती काढा, सगळ्या सारख्याच. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने १९२२ साली तो माणसांबद्दलच्या कल्पनांना लावला. आपल्याकडे 'छापाचे गणपती' म्हणतात, त्यातही साचा आहेच.

मूळ प्रश्नकर्ती

आभार. आता आणखी एक शंका. इतिवृत्तात ठराव 'एकमताने' मंजूर असं लिहिलंय. 'सर्वानुमते' हवं ना? एकमत म्हणजे मतच एक. सर्वानुमते म्हणजे सगळ्यांची अनुमती, मत काहीही असो. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या १९५१ च्या प्रयोगात समोरची रेघ आखूड दिसत असूनही, बाकीचे सगळे चुकीचं उत्तर देतायत म्हणून, कित्येकांनी त्यांचीच री ओढली, तसं. आमच्याकडे त्या तरुणानेही शेवटी हात वर केला. आणि मीही.