मदत हवी आहे: चिकटलेल्या पोर्तुगीज नोटा सोडवायच्या कशा?

सत्तरीकर: चवथीच्या साफसफाईत आजोबांच्या पेटीत जुन्या नोटांची चळत मिळाली, सगळ्या एकमेकींना चिकटल्यात, कडेला काळे डाग. कशा सोडवू? लवकर सांगा, भाऊ रविवारी मुंबईला जातोय, विकायला नेतो म्हणतोय.

कागदवेडा: कुठलं साल? रुपियाच्या की एश्कुदोच्या (गोव्यातली पोर्तुगीज काळातली दोन चलनं)? फोटो टाका. पाणी अजिबात लावू नका.

सुलूमावशी: मी वाफेवर धरल्या, सुटल्या. मग लॅमिनेट केल्या, अजून छान आहेत.

कागदवेडा: मावशी, लॅमिनेशन नको हो! ते प्लास्टिक परत निघत नाही, संग्राहक अशी नोट घेत नाहीत. वाफेने शाई पसरायची भीती ती वेगळीच.

सुलूमावशी: मला विकायच्याच नाहीत. आमच्याकडे पावसात सगळ्याला बुरशी येते, माझ्या नोटा टिकल्या ना?

म्हापसेकर: ७८६ हा शुभ मानलेला नंबर असलेल्या नोटा बघ, लाखात जातात.

अंत्रुजकार: असल्या जाहिरातींना भुलू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कमिशन, टॅक्स मागतात. खुद्द रिझर्व्ह बँकेनेच २०२१ साली सावध केलंय.

सत्तरीकर: मी ७८६ विचारलंच नाही. वरची नोट ६० ची आहे, १९५९, दाढीवाला माणूस.

कागदवेडा: मग तो आफोंसो द आल्बुकर्क, गोवा जिंकणारा पोर्तुगीज. ६० एश्कुदो, बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेची. रुपिया बंद करून एश्कुदो आणला तेव्हा १ रुपियाला ६ एश्कुदो धरले, म्हणून ३०, ६०, ३००, ६०० असे आकडे. तुमची नोट म्हणजे जुने १० रुपिये. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि भारतीय रुपया आला, म्हणजे या नोटांना आयुष्यच थोडं मिळालं, मला त्या म्हणूनच आवडतात.

अंत्रुजकार: ही बँक १८६४ ची, लिस्बनची, गोव्यात शाखा १८६८ पासून. लोकांनी गहाण ठेवलेलं सोनं १९६१ मध्ये लिस्बनला नेलं ते १९९१ ला परत आलं! त्यावर कोणी बोलतच नाही.

सत्तरीकर: सोन्याचं वेगळ्या धाग्यात बोला ना. नोटा सोडवायच्यात मला.

कागदवेडा: ओढू नका, नखाने तर मुळीच नाही. उन्हात न ठेवता कोरड्या, हवेशीर खोलीत राहू द्या. आपोआप सुटतील त्या घ्या, बाकीच्या कागद-जतनाचं काम जाणणाऱ्याला दाखवा. मग एकेक नोट पॉलिएस्टरच्या पाकिटात, पीव्हीसीच्या नाही. आणि रविवारी भावाकडे देऊ नका, चळत सुटल्याशिवाय कुठली नोट कशी आहे कळणार नाही, भाव कसला सांगणार?

सत्तरीकर: बरं, भावाला थांबवतो. खालच्या नोटा आकाराने मोठ्या दिसतात, त्या रुपियाच्या असतील का?

सुलूमावशी: ती पॉलिएस्टरची पाकिटं पणजीत कुठे मिळतात?