३ टनी फोर्कलिफ्टवर २.४ मीटर लांब क्रेट, एक्सटेन्शन लावावीत का?

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. गोदामात ३ टनी डिझेल फोर्कलिफ्ट आहे. क्षमतेच्या प्लेटवर ३००० किलो, लोड सेंटर (फोर्कच्या उभ्या भागापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर) ५०० मिमी. फोर्क १०७० मिमीचे. हल्ली मशिनरीचे लाकडी क्रेट यायला लागलेत : लांबी २.४ मीटर, रुंदी १.१ मीटर, पॅकिंग लिस्टवर वजन १९०० किलो. तळाचे ओंडके लांबीच्या दिशेने असल्यामुळे फोर्क आखूड बाजूनेच आत जातात आणि निम्म्याहून जास्त क्रेट पुढे अधांतरी राहतो.

परवा जमिनीपासून जरासा उचलला तर मागची चाकं इतकी हलकी पडली की स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळेना. "मागे दोघांना उभं करा, बसेल वजन" हा सल्ला लगेच आला. मी क्रेट खाली ठेवायला लावला. आता २.१ मीटरची एक्सटेन्शन, म्हणजे फोर्क लांब करायला त्यांवर चढवायच्या बाह्या, मागवायचं घाटतंय. वजन ३ टनांच्या आत असताना गडबड कुठे होतेय? वरिष्ठांपुढे ठेवायला आकडा हवा आहे.

प्रतिसाद १ :
माणसं मागे उभी करू दिली नाहीत हे उत्तम केलंत. पुढे दचका बसला की ती आधी पडतात, आणि गाडी तरीही पुढे झुकते.

प्लेटवरचे ३००० किलो हे फक्त ५०० मिमीसाठी आहेत. फोर्कच्या उभ्या भागापासून पुढच्या चाकांच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून सांगा, मग हिशेब करू.

प्रश्नकर्ता :
४८० मिमी भरलं.

प्रतिसाद १ :
मग असं बघा. पुढची चाकं म्हणजे तरफेचा टेकू, म्हणून वजन गुणिले त्या टेकूपासूनचं अंतर मोजायचं. प्लेटप्रमाणे मर्यादा ३००० × (५०० + ४८०) = २९,४०,०००. तुमच्या क्रेटचं वजन सारखं पसरलेलं धरलं तर लोड सेंटर १२०० मिमी. २९,४०,००० भागिले (१२०० + ४८०) म्हणजे १७५० किलो. क्रेट १९०० चा. म्हणजे फोर्क कितीही लांब केले तरी ही गाडी तो आखूड बाजूने उचलायला पुरत नाही. एक्सटेन्शनचं स्वतःचं वजन यातून आणखी वजा होणार. हा ढोबळ हिशेब फक्त "नाही" म्हणायला वापरा. "हो" म्हणायचं असेल तर कंपनीकडून लेखी मान्यता आणि त्या जोडसामानासकटची नवी कपॅसिटी प्लेट हवी.

प्रतिसाद २ :
शिवाय एक्सटेन्शन खालच्या फोर्कच्या दीडपटीपेक्षा लांब नको, हा सर्वसाधारण नियम आहे. तुमच्याकडे १६०५ मिमीच्या वर जाता येत नाही, २.१ मीटर बसतच नाही. घालून बघितली तर ती वाकलेली दिसतील, तेही नशीब असेल तर.

क्रेटच्या अंगावर गुरुत्वमध्याची खूण आहे का बघा. आत एका टोकाला मोटर असेल तर मध्य १२०० वर नसणारच. जड टोक मास्टकडे (फोर्क वरखाली नेणाऱ्या उभ्या सांगाड्याकडे) ठेवलं तर थोडा फायदा होतो, उलटं ठेवलं तर वरचा १७५० चा आकडाही जास्त ठरतो.

प्रश्नकर्ता :
मग लांब बाजूने उचलला तर?

प्रतिसाद १ :
हाच मार्ग. मग लोड सेंटर ५५० होतं आणि त्याच हिशेबाने क्षमता जवळपास २८५० किलो येते. त्यासाठी पाठवणाऱ्यांना सांगून तळाला आडवे ओंडके आणि लांब बाजूने फोर्क जाण्याइतक्या खाचा करून घ्या. खाचा एकमेकींपासून दूर हव्यात, पण तुमच्या कॅरेजवर (फोर्क अडकवलेल्या चौकटीवर) फोर्क जितके फाकतात त्यापलीकडे नकोत, कारण क्रेट २.४ मीटर आडवा येणार आणि डोलणार. फोर्क पिन उचलून हाताने सरकतात. रोज बऱ्याचदा बदलायचे असतील तरच पोझिशनरचा (फोर्क यंत्राने सरकवणाऱ्या जोडसामानाचा) विचार करा, कारण त्याचं वजनही क्षमतेतून जातं. दाराची रुंदी आधी मोजा. समोरचं दिसत नसेल तर गाडी मागे चालवत न्या, क्रेट जमिनीलगत आणि मास्ट किंचित मागे कललेला ठेवून.

प्रश्नकर्ता :
दार ३ मीटरचं आहे, जमेल. आणि जे क्रेट येऊन पडलेत त्यांचं काय?

प्रतिसाद २ :
ते क्रेनने हलवा, किंवा मोठी फोर्कलिफ्ट भाड्याने आणा. फक्त ५ टनी म्हणून विश्वास टाकू नका, तिच्या क्षमतेच्या चार्टवर १२०० मिमी लोड सेंटरचा आकडा बघूनच ठरवा. त्यावर १९०० च्या वर बरीच मोकळीक दिसली पाहिजे.